गुन्हा पंधराव्या वर्षी, कबुली चव्वेचाळिसाव्या वर्षी: खटला नक्की कुणावर चालतो?

थोरली:

लिहू की नको असं करत तीन आठवडे काढले. कायद्यातलं कळणारं कुणी असेल तर कृपया उत्तर द्या, आणि कायद्यातलं कळत नसेल तरी वाचा.

१९९६ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ गेला. तो नऊ वर्षांचा, मी तेरा. घरामागे एक इमारत अर्धवट बांधून सोडलेली होती. नुसते खांब आणि स्लॅब, जिन्याला कठडा नाही. मुलं तिथे खेळायची, मोठी माणसं ओरडायची, मुलं पुन्हा जायची. त्या दुपारी आईनं त्याला शेजारच्या मावशींची शिवणकामाची कात्री परत द्यायला पाठवलं. कात्री पोचलीच नाही. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवरून तो खाली पडला. पोलीस आले, पंचनामा झाला, आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. कागदावर कारण लागलं, खेळताना तोल जाऊन पडल्याने मृत्यू.

आई तेव्हापासून एकाच वाक्यात राहते: "मी पाठवलं नसतं तर." बाबा २०११ मध्ये गेले. ते शेवटपर्यंत त्या इमारतीच्या मालकाच्या नावानं बोटं मोडत होते.

आता मला एक पत्र आलंय. हातानं लिहिलेलं, सात पानं. लिहिणारा तेव्हा आमच्याच गल्लीत राहायचा. तेव्हा पंधराचा, आता चव्वेचाळिशीचा. त्याचा मुलगा यंदा नऊ वर्षांचा झाला आणि तेव्हापासून झोप लागत नाही, असं त्यानं लिहिलंय. लहानपणी तो बोलताना अडखळायचा. धाकट्यानं त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची नक्कल केली. त्याला राग आला आणि त्यानं दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. "पडावा म्हणून ढकललं नाही, पण तो कडेला आहे हे मला दिसत होतं." हे वाक्य मला पाठ झालंय. आणखी दोन मुलं तिथे होती. त्यानं त्यांना शपथ घातली.

आणि एक गोष्ट. त्यानं लिहिलंय की वर चढायच्या आधी धाकट्यानं कात्री खाली विटांच्या रचावर ठेवली. का ठेवतोस विचारलं, तर म्हणाला, आईनं सांगितलंय हातात कात्री घेऊन पळायचं नाही. कात्री विटांवर नीट ठेवलेली सापडली, हे आमच्या घरात फक्त बाबांना आणि मला माहीत होतं. आईला ती पुन्हा दिसू नये म्हणून बाबांनी ती कुठे टाकली ते त्यांनी मलाही सांगितलं नाही.

म्हणजे पत्र खरं आहे. माझे प्रश्न असे आहेत. इतक्या वर्षांनी गुन्हा दाखल होतो का? झाला तर खटला कुणावर, त्या मुलावर की या माणसावर? आणि मला त्याला तुरुंगात घालायचं नसेल, फक्त तो "तोल जाऊन" असं म्हणणारा कागद बदलून हवा असेल, तर तेवढंच करता येतं का?

पंधरा वर्षांच्या त्या मुलावर माझा राग नाही. माझा स्वतःचा मुलगा पंधराचा आहे, तो रागात दार कसं आपटतो हे मी रोज बघते. पण बाबा गेले तेव्हा हा माणूस आला होता. त्यानं खांदा दिला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. तिरडीच्या मागे आई ज्या शब्दांत रडत होती ते त्यानं ऐकलं आणि घरी गेला. ते गप्प राहणं लहान मुलाचं नव्हतं. त्याचा खटला कुठे चालतो, हे मला कुणीतरी सांगा.

निवृत्त_वकील:

ताई, चौतीस वर्षं फौजदारी कामं केली. तुमचं लिहिणं दोनदा वाचून मग उत्तर देतोय. कोरडं वाटलं तर माफ करा.

आपल्याकडे वय धरतात ते गुन्ह्याच्या दिवशीचं. पकडलं किंवा कोर्टापुढे आणलं त्या दिवशीचं नाही. यावर पूर्वी उलटसुलट निकाल होते. २००५ मध्ये प्रताप सिंग विरुद्ध झारखंड राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते कायमचं मिटवलं. आताच्या, म्हणजे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ६ तर तुमच्यासारख्याच प्रसंगासाठी आहे. अठराच्या आत गुन्हा केला आणि अठरा उलटल्यावर सापडला, तर चौकशीत त्याला बालकच मानायचं. म्हणजे हा चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ सेशन कोर्टात नाही, बाल न्याय मंडळापुढे उभा राहील. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली किमान एक स्त्री.

१९९६ मध्ये १९८६ चा कायदा लागू होता. त्यात मुलग्यांसाठी मर्यादा सोळा वर्षांची होती, २००० च्या कायद्यानं ती अठरा केली. तुमच्या प्रकरणात फरक पडत नाही, पंधरा हे दोन्हींच्या आत आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखा खटला चालवण्याची तरतूद जानेवारी २०१६ पासून आली, तीही इथे लागत नाही. फक्त शाळा सोडल्याचा दाखला आधी बघावा लागेल. वयाच्या पुराव्यात शाळेची नोंद पहिली धरतात, ती नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. आणि आपल्या पिढीतल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून टाकलेली असते. पंधरा आणि सोळा यांच्यात अशा तारखांनी मी बरीच भांडणं पाहिली आहेत.

मुदतीचं म्हणाल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना दखल घेण्याची कालमर्यादा असते. खून किंवा सदोष मनुष्यवध याला ती नाही. पण तपासात हा नुसता निष्काळजीपणा ठरला, तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत त्याला दोन वर्षांचीच शिक्षा होती, आणि मग मुदत कधीच उलटून गेली. "कडेला आहे हे मला दिसत होतं" हे वाक्य म्हणून फार महत्त्वाचं आहे. ते त्याला समजून लिहिलंय की नाही, कोण जाणे.

शिक्षा: मंडळ जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. ती जागा मुलांची, तिथे चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला कोण ठेवणार? म्हणून समज, दंड, समाजसेवा, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका, यातलंच काहीतरी होईल. दोष सिद्ध झाला तरी त्याचा डाग पुढे लागत नाही, आणि त्याचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे. इथेही तुम्ही ते लिहिलं नाहीत, तसंच राहू द्या.

पुरावा: असं पत्र म्हणजे न्यायालयाबाहेरची कबुली. एकट्या तिच्यावर कोर्ट सहसा विसंबत नाही, जोड लागते. तुमची जोड ती कात्री आहे. पंचनाम्यात कात्रीचा आणि विटांचा उल्लेख असेल, तर जो तिथे नव्हता त्याला हे कळायचं कारण नाही. तो पंचनामा आधी शोधा.

आता तुमचा कागद. तो वेगळा बदलून मिळत नाही, ताई. "तोल जाऊन" खोडायचं तर कसा मेला ते लिहावं लागतं, ते लिहायचं तर तपास लागतो, आणि तपासात तो संशयित होतोच. तुम्हाला हवं आहे ते आणि नको आहे ते एकाच दाराच्या आत आहे.

आणि गप्प बसण्याबद्दल. त्याचा खटला कुठेच चालत नाही. घटनेचा अनुच्छेद २० खंड ३ सांगतो की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. वकील म्हणून मी या कलमाच्या आधारानं कितीतरी माणसं वाचवली. तुमचं शेवटचं वाक्य वाचल्यावर आज पहिल्यांदा ते टोचलं.

रोखठोक:

बालक कसलं? चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या आहे तो. जर्मनीनं त्र्याण्णव वर्षांच्या नाझी पहारेकऱ्याला कोर्टात आणलं, तो तेव्हा सतरा वर्षांचा पोरगाच होता. तिथे कुणी वय काढलं नाही. ताई, तुम्ही सरळ तक्रार द्या. मेलेल्याचं वय कुणी विचारत नाही, मारणाऱ्याचं का विचारायचं? नऊ वर्षांचा होता हो तो.

पानं_चाळणारा:

रोखठोक, राग समजला, पण उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. श्टुटहोफ छळछावणीतला तो पहारेकरी, ब्रूनो डे, २०२० मध्ये हाम्बुर्गला बाल न्यायालयापुढेच उभा होता, चाकांच्या खुर्चीत, त्र्याण्णवाव्या वर्षी. कारण पहारा दिला तेव्हा तो सतरा-अठराचा होता. पाच हजारांहून अधिक खुनांना साथ दिल्याचा दोष सिद्ध झाला आणि शिक्षा झाली दोन वर्षं, तीही स्थगित. त्याच छावणीच्या कार्यालयातली टंकलेखिका इर्मगार्ड फुर्शनर हिचंही तसंच. २०२२ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी, बाल न्यायालयात, दोन वर्षं स्थगित शिक्षा.

मला या खटल्यांत शिक्षेपेक्षा दुसरं काहीतरी दिसतं. तिथे छावणीतून वाचलेली माणसं आली, बोलली, आणि ते न्यायालयाच्या दप्तरात गेलं. बहुतेकांना त्या म्हाताऱ्यांच्या कोठडीशी घेणंदेणं नसावं असं मला वाटतं. थोरलीताई जो कागद मागताहेत तो हाच आहे.

उलट बाजूही सांगतो. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात १९७५ मध्ये पंधरा वर्षांच्या मार्था मॉक्सलीचा खून झाला. तिचा शेजारी मायकल स्केकल, तोही तेव्हा पंधराचा, याच्यावर २००० मध्ये आरोप ठेवला, तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. प्रकरण बाल न्यायालयात सुरू झालं, पण या वयाच्या माणसाला ठेवायला बालकांच्या व्यवस्थेत जागाच नाही म्हणून ते प्रौढांच्या न्यायालयात गेलं. २००२ मध्ये वीस वर्षं ते जन्मठेप. पुढे बचाव नीट झाला नव्हता म्हणून दोष रद्द, मग पुन्हा कायम, मग २०१८ मध्ये पुन्हा रद्द, आणि २०२० मध्ये सरकारी पक्षानं नवा खटला चालवणार नाही म्हणून सांगितलं. साक्षीदार मेले होते, आठवणी विरल्या होत्या. त्या मुलीच्या आईनं पंचेचाळीस वर्षं हे बघितलं. ताई, हे घाबरवायला सांगत नाही. दप्तरात जाणं आणि दप्तरात अडकणं या दोन्ही गोष्टी होतात, एवढंच.

इंग्लंडमध्ये मधला रस्ता आहे. मोठेपणी दोषी ठरला तरी आरंभबिंदू हा, की त्याच वेळी, त्या वयात पकडला असता तर किती शिक्षा झाली असती. २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं हे पुन्हा ठासून सांगितलं.

आणि रोखठोक, वय न विचारण्याचं टोक आपल्याकडेच पाहा. १९९४ च्या पुण्यातल्या राठी हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं २०२३ मध्ये. अठ्ठावीस वर्षं आत काढून तो सुटला. सात माणसं गेली होती त्या घरातली, गुन्हा भयंकरच होता. पण साडेबारा.

थोरली:

निवृत्त_वकील काका, सविस्तर लिहिलंत, आभार. "एकाच दाराच्या आत" हे वाचून फोन बाजूला ठेवला आणि पंख्याकडे बघत बसले.

रोखठोक दादा, तुम्ही धाकट्याचं वय लिहिलंत, बरं वाटलं. या सगळ्या कलमांत त्याचं वय कुठेच येत नाही.

एक राहिलंच. ती दुसरी दोन मुलं. एक तेव्हा बाराचा, एक दहाचा. दोघं कुठे आहेत मला माहीत आहे. त्यांना विचारावं का? विचारलं तर ते साक्षीदार की तेही गुन्हेगार?

निवृत्त_वकील:

शपथ घातली म्हणून गप्प राहिलेली दहा-बारा वर्षांची मुलं साक्षीदारच. पण तुम्ही स्वतः जाऊन विचारू नका. उद्या बचावाचा वकील म्हणेल, बाईंनी शिकवून ठेवले. ते काम पोलिसांचं. तुम्ही कागद शोधा: पोलीस ठाण्यातली आकस्मिक मृत्यूची नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेलेला अहवाल. ठाण्यातलं दप्तर नष्ट केलेलं असू शकतं, म्हणून तिन्हीकडे लेखी अर्ज करा. पत्राचं पाकीटसुद्धा जपा, टपालाचा शिक्का असतो त्यावर.

त्या_बाजूचा:

हे खातं आजच काढलं. रोज वाचतो, लिहिलं कधी नाही.

मी चौदा वर्षांचा असताना मारलेल्या दगडानं एका मुलाचा डोळा गेला. आंब्यावर मारला वगैरे नाही, त्याच्यावरच मारला होता. आम्ही सहासात जण होतो. कुणाचा दगड ते कुणाला कळलं नाही, मला कळलं. एकतिसाव्या वर्षी मी त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं.

थोरलीताई विचारतात ते गप्प राहणं कुणाचं, त्याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगतो. पहिल्या रात्री मी गप्प राहिलो ते आईच्या भीतीनं. तुरुंग डोक्यातसुद्धा नव्हता. आठवड्यानं गप्प राहिलो कारण आता सांगितलं तर आठवडाभर का नाही सांगितलंस, असं विचारतील. वर्षानं, वर्षभर का नाही म्हणून. दर वर्षी आदल्या वर्षाचं ओझं त्यात पडत जातं. अठराव्या वाढदिवसाला मी काही वेगळा झालो नाही. आत चौदा वर्षांचाच मुलगा बसलेला होता आणि तो बाहेर येईना.

पण हेही खरं आहे, आणि हे मी स्वतःला सोडून बोलत नाही. पंचविसाव्या वर्षी मला नोकरी होती, स्वतःची खोली होती, आईची भीती राहिली नव्हती. एका लग्नात तो समोरून आला, काचेचा डोळा, माझ्याशी हसला, कसा आहेस म्हणाला. मी ठीक म्हणालो आणि जेवायला बसलो. तो दगड चौदा वर्षांच्या मुलानं मारला. ते "ठीक" मी म्हणालो. खांदा दिल्याचं वाचलं आणि मला तेच आठवलं. तुमचं बरोबर आहे, ताई.

मी सांगितल्यावर त्यानं मला घराबाहेर काढलं. दोन वर्षांनी फोन केला आणि एवढंच विचारलं, की मुद्दाम मारलास का. मी हो म्हणालो. त्यानंतर बोलणं नाही. पोलिसांत तो गेला नाही. गेला असता तर मी नाही म्हणालो नसतो.

ज्यानं पत्र लिहिलं त्याला मी ओळखत नाही. पण सात पानं सही करून पाठवणाऱ्यानं परिणाम धरलेला असतो. त्याला सांभाळून घेण्याचं काम तुमचं नाही.

रोखठोक:

वर मी जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

थोरली:

त्या_बाजूचा, तुम्ही लिहिलंत यासाठी तुमची ऋणी आहे. मी तुम्हाला बरं-वाईट काही म्हणणार नाही. तुमच्या त्या मित्राच्या जागी मी आहे, आणि त्यानं विचारलेला प्रश्न मला विचारावा लागला नाही, तो सात पानांत दुसऱ्या पानावर होता.

काल आईला सांगितलं. डॉक्टरांना आधी विचारलं, ती एकाहत्तरची आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दुसरा भाऊही फोनवर नको म्हणत होता, आता हे उकरून काय मिळणार म्हणाला. पण मला वाटलं, तो माणूस एकोणतीस वर्षं जे करत आला तेच मी आता करायला लागलेय. तीन आठवडे मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होते आणि पत्र कपाटात होतं.

मी वाचून दाखवलं. ढकलल्याचं वाचलं तेव्हा ती काही बोलली नाही, हातातला नॅपकिन घडी करत होती, उलगडत होती. कात्रीच्या ओळी आल्या तेव्हा म्हणाली, पुन्हा वाच. वाचलं. म्हणाली, "म्हणजे ऐकलं होतं त्यानं माझं." मग खूप वेळ रडली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही.

रात्री तिनं विचारलं, त्या मुलाला काय करतील? तो अजून तिच्यासाठी मुलगाच आहे, गल्लीतला, अडखळत बोलणारा. मी काकांनी लिहिलेलं सगळं सांगितलं, मंडळ, तीन वर्षं, समज, दंड. ती म्हणाली, त्यानं तिथे मोठ्यानं सांगावं, एवढं होईल का? लिहून नको. सांगावं.

होईल की नाही मला माहीत नाही. पण सोमवारी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूच्या नोंदीसाठी अर्ज द्यायला जातोय. काका, अर्जात घटनेची तारीख लिहिली की पुरतं, की पंचनाम्यातल्या पंचांची नावंही द्यावी लागतात? एक पंच आमच्या समोर राहायचे, त्यांचं नाव आईला आठवतंय.